तळाची सुतळी

"ही बॅग तुम्ही स्वतः भरली आहे का?" खिडकीमागच्या अधिकाऱ्याने विचारलं आणि ठकीने खरं उत्तर दिलं.

"नाही. वडिलांनी भरली."

असल्या प्रश्नाला जगातला प्रत्येक शहाणा माणूस डोळे झाकून 'हो' म्हणतो. मामाने निघताना बजावलंही होतं, "तिथे गेल्यावर हरिश्चंद्राचा अवतार घेऊ नकोस." पण ठकीचे अण्णा काचसामानाच्या गोदामात पॅकर होते. दुसऱ्याने बांधलेलं खोकं आपण बांधलं म्हणून सांगणं त्यांच्या घरात चोरीच्याच रांगेत बसायचं. उद्या काही फुटलं तर जबाबदार कोण? तेव्हा उत्तर तोंडातून आपोआप निघालं आणि अधिकाऱ्याने पहिल्यांदाच मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

तिला बाजूच्या टेबलाशी नेलं. रांगेतली माणसं वळून वळून बघत होती. एरवी ठकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं असतं. आज तिला काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. विमान उडालं तेव्हाही असंच. शेजारची बाई हमसून रडत होती आणि ठकी पुढच्या सीटवरच्या सूचना वाचत बसली होती. परदेशी शिकायला जायचं म्हणून तिने दोन वर्षं जिवाचं रान केलं होतं, आणि आता पाय त्या जमिनीला लागले तर पायांना खबर नाही.

टेबलापलीकडच्या तरुण अधिकाऱ्याने खिशातून कटर काढला. बॅगेवर अण्णांनी उभी-आडवी बांधलेली सुतळी एका फटक्यात कापली आणि टोपलीत टाकली. झाकण उघडलं. आत कपडे दिसेनात. दिसले ते खाकी कागदात बांधलेले पुडे, एकाला एक असे चपखल बसवलेले, की मध्ये बोट जाईना. त्याने त्यातल्या दोन पुड्यांच्या सुतळ्या कापल्या. पहिल्यात स्वेटर निघाले. दुसऱ्यात जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेला प्लास्टरचा जबडा निघाला.

"हे काय आहे?"

"दात."

"कुणाचे?"

"मामाचे."

खोटं नव्हतं ते. ठकी कृत्रिम दात बनवण्याचं शास्त्र शिकायला आली होती. तिने केलेली पहिली कवळी मामाची, आणि हा त्या कवळीचा नमुना. अधिकारी मोठमोठ्याने हसला, शेजारच्याला बोलावून त्याने जबडा दाखवला, त्या दोघांच्या हाताहातीत समोरच्या दाताचा टवका उडाला. ते वरमले. ठकी म्हणाली, "असू द्या." मग बॅग मिटेना. अण्णांनी बसवलेलं पुन्हा बसवणं कुणाच्या बापाला जमणार? शेवटी सरकारी अधिकारी बॅगेवर बसला आणि ठकीने चेन ओढली.

वसतिगृहाकडे नेणाऱ्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. रस्ते, दुकानं, सायकली, कुत्र्याला फिरवणारे म्हातारे, सगळं पुढून गेलं. तिच्या डोक्यात मात्र अण्णांचं एक वाक्य चिकटून बसलं होतं.

गोदामात माल दोन तऱ्हांनी बांधत. विकलेला माल कायमचा जायचा. त्याला निरगाठ. करकचून ओढायची, टोक बुडाशी छाटायचं, घेणारा कापेल नाहीतर दाताने तोडेल, आपला संबंध संपला. समारंभासाठी भाड्याने दिलेले पेले, बश्या, झुंबरं मात्र परत यायची. त्यांना सुरगाठ, एक टोक ओढलं की सुटणारी. रिकाम्या खोक्यांत खेळत वाढलेल्या ठकीला मुळाक्षरांच्या आधी या दोन गाठी येत होत्या.

प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा अण्णा आधी म्हणाले, "का? इथल्या लोकांचे दात पडत नाहीत?" सगळे हसले. मग त्यांना कळलं की पोरगी खरंच निघाली, तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे. गेलेला माल गेला. त्याची वाट बघत बसायची नसते."

त्यानंतर महिनाभर त्यांनी मूग गिळले. ठकी समोर बसलेली असताना आईला सांगायचे, "तिला म्हणावं, चहा निवतोय." आई दोघांमध्ये पोस्टमन झाली आणि वैतागली. निघायच्या आदल्या दिवशी ठकी आत्याला नमस्कार करायला गेली होती. तेवढ्यात अण्णांनी आईने भरलेली बॅग पाहिली, "ही काय भाजीची पिशवी आहे?" म्हणाले, सगळं जमिनीवर ओतलं आणि दार लावून घेऊन स्वतः भरली. ठकीला त्यात माया वगैरे काही दिसली नाही. वेडंवाकडं भरलेलं काहीही बघितलं की त्यांना घास गिळवत नसे, अगदी शेजाऱ्यांचा डबासुद्धा. दुसऱ्या दिवशी टॅक्सी यायच्या आधी ते कामावर निघून गेले.

तेव्हा आपल्याला विकून टाकलं, एवढंच ठकीला कळलं होतं.

वसतिगृहाच्या रेक्टरबाई पायात सपाता घालून आल्या. किल्ली दिली, गरम पाण्याचा नळ डावीकडचा, बाहेर जाताना दिवा बंद, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ठकी सगळ्याला मान डोलवत होती. खोलीत लोखंडी कॉट, टेबल, उंच कपाट आणि खिडकीतून पलीकडच्या भिंतीवरचा एक पाइप. रेक्टरबाई जाता जाता थांबल्या.

"घरी फोन केलास का? वायफायचा पासवर्ड दाराच्या मागे लिहिलाय."

"करते."

केला नाही. फोन हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला. आई उचलणार, जेवलीस का विचारणार. मग ठकी विचारणार, अण्णा कुठे आहेत? आणि आई म्हणणार, त्यांचा स्वभाव तुला माहीत आहे. जोवर फोन केला नाही तोवर हे झालेलं नव्हतं. तिला भीती वाटत होती ती एवढीच. बाकी दिवसभरात आत कुठे काही हलल्याची खूण नव्हती.

म्हणून तिने बॅग उघडली. काहीतरी करायचं म्हणून. सुतळ्या कापायला रेक्टरबाईंकडून कात्री आणली, पहिला पुडा मांडीवर घेतला आणि कात्रीचं पातं सुतळीखाली घातलं. पण सुतळी कापायची म्हटलं की त्या घरातला हात आधी गाठ चाचपतोच. अख्खी सुतळी पुन्हा उपयोगी पडते.

बोटाला फास लागला. बाहेर आलेलं टोकही लागलं, धरता येईल एवढं लांब ठेवलेलं.

तिने टोक ओढलं. गाठ सुटली.

ठकीने कात्री खाली ठेवली. दुसरा पुडा घेतला. सुरगाठ. तिसरा. सुरगाठ. टॉवेलांना, पुस्तकांना, चपलांच्या जोडीलासुद्धा. कागदाला कुठे चिकटपट्टी नाही, नुसत्या घड्या, पुन्हा तशाच घालता येतील अशा. त्या अधिकाऱ्याने कापलेले दोन पुडे तिने परत हातात घेतले. सुतळी तुटली होती, पण गाठी शाबूत होत्या. त्याही सुरगाठीच. कटर नसता तर तिला तिथेच, सगळ्या रांगेसमोर कळलं असतं.

बॅग रिकामी झाली तेव्हा तळाशी एक सुतळीचं वेटोळं राहिलं. कोरं, मधोमध आवळलेलं. भाड्याच्या मालाच्या खोक्यात असं वेटोळं तळाला ठेवतात. जिथे माल जातो तिथे सुतळी मिळेल न मिळेल, परत पाठवताना अडू नये म्हणून.

ठकी ते हातात धरून कॉटवर बसली आणि तिने फोन लावला.

"पोहोचलीस? जेवलीस का गं?" आईने एका दमात विचारलं.

"आई, अण्णा कुठे आहेत?"

आई आवाज खाली आणून म्हणाली, "इथेच. आज कामावर गेलेच नाहीत. फोनशेजारी खुर्ची ओढून बसलेत आणि मला सांगतायत, पेपर वाचतोय. एवढा वेळ एकच पान! अहो, घ्या ना, तुमचीच वाट..."

फोन या हातातून त्या हातात गेल्याचा आवाज आला. अण्णा खाकरले. ना कशी आहेस, ना काही. माल पोहोचल्याचा फोन आला की गोदामात पहिला प्रश्न जो विचारतात, तोच त्यांनी विचारला.

"फुटतूट?"

"मामाचा एक दात," ठकी म्हणाली.

"दळभद्री आहे तो. बाकी?"

"बाकी नीट आहे." मग तिला टोपली आठवली, आणि दिवसभर जे कुठे लपून बसलं होतं ते एकदम वर आलं. "अण्णा, वरची सुतळी कापली हो त्यांनी. मी बघत राहिले. मला आधी कळलंच नाही. टोपलीत टाकून दिली."



"कापतातच," अण्णा म्हणाले. "परक्या माणसाला काय माहीत, हे परत यायचंय ते. म्हणून तर तळाला दुसरी ठेवलीय. मिळाली ना?"

ठकीने 'हो' म्हणायला तोंड उघडलं, पण हुंदकाच बाहेर आला, आणि मग दुसरा. तिने वेटोळं छातीशी धरलं आणि लहानपणी रडायची तशी मोठ्याने रडायला लागली. फोन कानालाच होता. अण्णांनीही ठेवला नाही.