मांडे कुणी केले?

लग्न ठरलेल्या मुली मनातल्या मनात मांडे खातात म्हणे. बोदवडच्या द्वारकाच्या डोक्यात मात्र खरेखुरे मांडे घोळत होते, खापरावरचे, पुरणाचे, आणि त्यांनी तिची झोप उडवली होती.

त्याचं असं झालं. तिचे वडील चुडामण आबा धुळ्याला मुलाचं घर बघायला गेले, ते पोटावरून हात फिरवतच परत आले. "काय माणसं आहेत! मुलाची आई भिकुबाई तर जेवणं होईपर्यंत आमच्यासमोरून हलली नाही. आणि मांडे काय गं! मी चार हाणले. ताटातला संपायच्या आत दुसरा गरम हजर."

आई हरखली. द्वारकाच तेवढी थबकली. मांडे करणारी बाई चुलीपुढून उठू शकत नाही हो! पुरण भरलेली लाटी हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवायची, तापलेल्या खापरावर टाकायची, ती भाजते तोवर पुढची हातात. घरात माणसं सांगितली होती चार: भिकुबाई, तिचा नवरा झुलाल नाना, मुलगा रतिलाल आणि त्याचा धाकटा भाऊ. बाई एकच, आणि ती तर बाहेर बसलेली. मग मांडे कोण करत होतं?

"असेल एखादी शेजारीण," आबा म्हणाले. "रविवारी साखरपुडा आहे आणि तू मांडे काय घेऊन बसलीस?"

पण तिच्या आतला किडा काही वळवळायचा थांबेना. मुलगा आवडला नव्हता असं नाही. आवडला होता, उगाच कशाला लपवा? नानांबरोबर तो तिला बघायला बोदवडला आला, दोघांना बोलायला पाच मिनिटं मिळाली, तर हा पठ्ठ्या आपल्या गल्लीबद्दलच बोलत सुटला. जुन्या धुळ्यातली गल्ली, पांझरा नदीपासून हाकेच्या अंतरावर. तोंडाशी दगडी विहीर, तिला एकवीस पायऱ्या. पुढं मोर कोरलेलं सागवानी दार. मग तालीम, तिथला मारुती शेंदराचे थर चढून चढून असा फुगलाय की आता चौकटीत मावत नाही. गल्लीच्या शेवटी चिंचेखाली नगरपालिकेची शाळा. "एकदा या बघायला, मी सगळं दाखवतो," तो म्हणाला होता. त्याच रात्री द्वारकानं वहीच्या मागच्या पानावर त्या गल्लीचा नकाशा काढून ठेवला होता.

बुधवारी तिनं किरकोळ रजा टाकली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. एक्क्याण्णव सालची जनगणना चालू होती, तिच्या वाट्याची घरं आधीच मोजून झाली होती. घरी सांगितलं, कागद द्यायला जळगावला जाते. धडधडीत खोटं! जळगावला पॅसेंजरमधून उतरून तिनं धुळ्याची एसटी धरली. पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा वाटलं, उतरावं आणि परत फिरावं. पण मांड्यांनी तिला खिडकीशी बसवूनच ठेवलं.

जुन्या धुळ्यात ती वही उघडून चालू लागली. कुणाला विचारायची सोय नव्हती, विचारलं की "कोणाकडे?" हा प्रश्न आलाच. विहीर सापडली. वर जाळी ठोकलेली, पण द्वारकानं वाकून पायऱ्या मोजल्या. एकवीस. मोरांचं दार सापडलं, एका मोराची मान झिजलेली. तालमीतला मारुती तर त्यानं सांगितला त्याहून फुगलेला. प्रत्येक खूण खरी निघाली की तिला बरं वाटायचं, आणि दुसऱ्याच क्षणी जास्तच अस्वस्थ व्हायला होई. इतकं खरं बोलणारा माणूस! मग आपण चोरासारखे इथं कशाला आलो?

"उनी वो बाई, उनी मोजनारी!" एका ओट्यावरून हाक आली. धुणं टाकून एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी होती. "आठ दिन व्हयनात, दारवर गेरूना आकडा मांडी गयात, मोजाले कोनी येत नही. बस आठे ओटावर. मन्हा नाव भागाबाई. नळले पानी येत नही, तेबी लिख."

हातात वही, डोळे दारांवरच्या आकड्यांवर. भागाबाईनं तिला मोजणीवाली ठरवून टाकलं. द्वारका "अहो, मी ती नव्हे" म्हणणारच होती. पण तेवढ्यात भागाबाईनं पलीकडच्या निळ्या दाराकडं बोट केलं. "मंग त्या झुलाल नानाना घर कर."

खोट्यावर आणखी एक खोटं! पण घरात शिरायची अशी आयती वाट परत मिळणार नव्हती. तिनं भागाबाईचं नाव, वय, नळाचं पाणी, सगळं लिहून घेतलं. मग ती निळ्या दाराशी गेली.

भिकुबाई झोपाळ्यावर बसून शेंगा फोडत होती. नशीब, ती बोदवडला आली नव्हती, मुलगी बघायला फक्त पुरुष आले होते. खुंटीवर टोपी नव्हती, म्हणजे नाना आपल्या दुकानात, रतिलालही तिकडंच. पण भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा होत होते आणि दुकानदार माणूस जेवायला घरीच येतो. कोनाड्यात तिचा स्वतःचा फोटो उभा होता, शाळेतल्या ओळखपत्रासाठी काढलेला. द्वारकानं पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"घरात माणसं किती?"

"चार." भिकुबाईनं घडाघडा नावं सांगितली. "आन पुढना मयनामा सून यी. मास्तरीन शे," ती कौतुकानं म्हणाली. द्वारकाला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात आतून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिशीची, उघडं कपाळ. तांब्या ठेवताना हात पुढं आला, मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक बारीक डाग. खापराचे डाग. द्वारकाच्या आईच्या हातावर असेच होते. मांडे उभे राहिले तिच्यासमोर, चारच्या चार.

"आणि ह्या?"

"ती? कमल. मोठा पोऱ्यानी बाई. तो गया, सात वरीस व्हयनात." भिकुबाईनं शेंग फोडली. "तिले काय मोजनं वो?"

बोलण्यात राग नव्हता, तिरस्कार नव्हता. घरातल्या पाट्या-वरवंट्याबद्दल बोलावं तशी बोलली. द्वारकाच्या अंगाची लाही लाही झाली.

"जेवतात-झोपतात इथंच ना? मग मोजावं लागतं. नियम आहे." मास्तरणीचा आवाज तिच्याही नकळत बाहेर आला. "बाई, तुमचं पूर्ण नाव सांगा."

कमलबाईनं सासूकडं पाहिलं. सासू शेंगांकडं पाहत होती. मग तिनं हळूच नाव सांगितलं. "शिक्षण?" "मॅट्रिक पास." भिकुबाईचा हात थांबला, बहुधा तिलाही आठवत नसावं. "काम?"

"काम कसानं?" भिकुबाई म्हणाली. "घरमाच ऱ्हास."

द्वारकानं लिहिलं. सही घ्यायचं नाटकही न करता ती उठली आणि जवळजवळ पळतच बाहेर पडली. आता तिला तालीम दिसत नव्हती, मोर दिसत नव्हते. विहिरीच्या एकवीस पायऱ्या त्यानं सांगितल्या होत्या हो! झिजलेल्या दगडांची, शेंदराच्या थरांची माया होती त्याला. त्या पाच मिनिटांत ह्या माणसाला मारुती आठवला, सात वर्षं जिच्या हातचं जेवतोय ती वहिनी आठवली नाही. लपवली असती तरी एक वेळ परवडलं असतं, तेवढं तरी ती त्याला दिसली असती.

"बाई!"

विहिरीपाशी मागून पावलं वाजली. कमलबाई होती, कमरेवर रिकामी कळशी, बाहेर पडायला काहीतरी निमित्त हवं म्हणून घेतलेली.

"तू बोदवडनी ना? फोटो रोज पुसस मी." ती किंचित हसली. "भ्याऊ नको, कोनले नही सांगाव." मग वहीकडं पाहून म्हणाली, "पन तुनी वही खरी नही. खरा मोजणीवाला यी, तव्हय त्या परत चारच सांगतीन."

"तुम्ही माहेरी का जात नाही?" द्वारकानं विचारलं.

"तठे बी भाऊनी मोजी लिधं व्हई, मन्हाबिगर." कमलबाईनं कळशी सावरली. "तू ये वो ह्या घरमा. तू मोजं मले. दोन जनी ऱ्हावूत."

केवढी आशा होती त्या आवाजात! द्वारकाला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं, खरंच वाटलं. मग डोळ्यांपुढं आलं, झोपाळ्यावर शेंगा फोडणारी भिकुबाई, समोर कुणी वहीवाली, आणि दारात तांब्या घेऊन उभी असलेली ती स्वतः. तिनं कमलबाईचा डाग पडलेला हात धरला, घट्ट दाबला आणि वळली.

एसटी स्टँडची वाट डावीकडं होती. ती वहीतल्या नकाशाच्या शेवटच्या खुणेकडं गेली. शाळेत दुपारची सुट्टी झाली होती. वर्गात एक गुरुजी जनगणनेचे तक्ते पसरून, कडेला डबा उघडून बसले होते. ही गल्ली कुणाकडं, तिनं विचारलं. "माझ्याकडंच," लोटन गुरुजी म्हणाले. "उद्या निघतोय."

तिनं वहीतलं पान टर्रकन फाडून त्यांच्यापुढं ठेवलं. "निळ्या दाराच्या घरात पाच माणसं आहेत. चार सांगतील. तुम्ही पाचवं नाव विचारल्याशिवाय उठू नका. कमलबाई. मॅट्रिक पास. आणि काम विचाराल तेव्हा त्यांनाच विचारा, सासूला नको."

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. पानाच्या मागं नकाशा होता, विहीर, मोर, तालीम. "तुम्ही त्या घरच्या कोण?"

बाहेर चिंचेखाली पोरांचा कालवा चालला होता. रविवार चार दिवसांवर होता. घरी आबांना सगळं सांगायचं होतं, आणि आबा ओरडणार, आई रडणार, सगळं बोदवड तोंडात बोट घालणार.

"कोणी नाही, गुरुजी," द्वारका म्हणाली. "होणार होते."