तेरा करंगळ्या

“चल, पुढची,” पोलिक्सेनी म्हणाली, आणि गोलरक्षक कालिरोईने आपले दोन्ही हात तिच्या मांडीवरच्या टॉवेलवर ठेवले.

दुपारचे साडेचार वाजले होते. कपडे बदलायच्या खोल्यांच्या मागे, भिंतीला टेकून एक लाकडी बाक होता. सामन्याच्या दिवशी त्या बाकावर पोलिक्सेनीशिवाय कोणी बसत नसे. समोर मुलींची रांग लागली होती, अंगात पांढरे झगे, पायांत सपाता. खाली खडकांवर समुद्र सावकाश आपटत होता आणि तलावाच्या बाजूने लाउडस्पीकर तपासणाऱ्याचा खरखरीत आवाज येत होता.

वॉटरपोलोत नखं वाढवून चालत नाही. पाण्याखाली कोण कोणाला काय करतं ते पंचांना धड दिसत नाही, म्हणून पाण्यात उतरण्याआधी ते प्रत्येकीची बोटं तपासतात. या क्लबात मात्र ती बोटं पंचांच्या आधी पोलिक्सेनीच्या हाताखालून जात. पहिलं अजिंक्यपद मिळालं त्या दिवशी संघाच्या बसमध्ये एकच नेलकटर होता आणि तो तिच्या पिशवीत होता. तेव्हा ती स्वतः बचावात खेळायची. पुरुषांच्या जुन्या टोप्या घालून खेळायच्या त्या काळी, कानांवरून घसरणाऱ्या. बसच्या मागच्या सीटवर बसून तिने सगळ्यांची नखं कापली आणि संघ जिंकला. त्याला आता एकतीस वर्षं झाली. करंडकांचं कपाट कधीच भरलं होतं, दोन करंडक कॅन्टीनमधल्या फ्रिजवर ठेवावे लागले होते, पण सामन्याच्या दिवशी मुलींच्या नखांना दुसरा हात लागला नव्हता.

“मावशी, आज त्या सहा नंबरला जरा बेतानं शिव्या घाल,” कालिरोई म्हणाली. “पंच तुला बाहेर काढतील. मग आमचे टॉवेल कोण सांभाळणार?”

“काढू देत. भिंतीवरून घालीन.”

रांगेत हशा पिकला. पोलिक्सेनीही हसली, पण तिचं सगळं लक्ष अंगठ्याकडे होतं. तिची पद्धत ठरलेली होती. आधी अंगठा प्रत्येक नखाच्या कडेवरून फिरवायचा, मग कापायचं, मग पुन्हा फिरवायचा. पूर्वी ती सवय होती. थंडी सरल्यापासून ती गरज झाली होती, कारण ज्या गोष्टीकडे बघावं नेमकी तीच तिला दिसेनाशी झाली होती. आजूबाजूचं सगळं दिसायचं, झगे, सपाता, भिंतीवरचं वेलीचं सावट. मधोमध मात्र एक धुरकट ठिगळ बसलं होतं, आणि ते तिची नजर जाईल तिथे जायचं. मुलींना ती चालीवरून ओळखत होती.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. पोटच्या मुलीलाही नाही. सांगितलं की काय होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. क्लबचे अध्यक्ष फुलांचा गुच्छ देतील, दोन शब्द बोलतील आणि प्रेक्षकांत पहिल्या रांगेतली एक खुर्ची तिच्या नावाने राखून ठेवतील. त्या खुर्च्यांवर बसणारी माणसं तिने पाहिली होती. वर्षभर नेमाने येतात, मग ऊन फार आहे म्हणतात, मग यायची थांबतात. पोलिक्सेनीला या मुलींवाचून करमत नव्हतं, आणि त्यात लपवण्यासारखं तिला काही वाटत नसे. लपवायचे ते फक्त डोळे होते.

कालिरोईच्या नखांवरून अंगठा फिरवताना ती थबकली. नऊ नखं आधीच कापलेली होती, अगदी मुळापर्यंत. उजव्या करंगळीचं तेवढं वाढलेलं होतं.

“ही कोणी कापली?”

“कोणी नाही. क्लोरीननं झिजतात, मावशी.”

“आणि करंगळीला क्लोरीन लागत नाही वाटतं?”

“ती पहिल्यापासूनच आगाऊ आहे.”

पोलिक्सेनीने ते एक नख कापलं, अंगठ्याने पाहिलं आणि तिला सोडलं. पुढच्या मुलीचंही तेच. तिच्या पुढचीचंही. नऊ नखं साफ आणि उजवी करंगळी वाढलेली. चौथ्या मुलीपर्यंत तिला वाटलं, नवीन काहीतरी खूळ असेल. या पोरींना खुळांची काही कमी नव्हती. एकजण डावा पाय आधी टाकल्याशिवाय तलावाकडे जात नसे, एकजण सामन्याच्या दिवशी तीळ लावलेली पावाची कडी अर्धीच खाई आणि अर्धी सेंट निकोलसच्या देवळीत ठेवून येई. असेल करंगळीचंही तसंच. पाच सामन्यांच्या अंतिम फेरीतला आजचा शेवटचा सामना होता. दोन त्यांनी जिंकले होते, दोन पिरेअसच्या मुलींनी, आणि आज निकाल लागायचा होता. आज कोणी काहीही केलं असतं.

खरं तर निकाल बुधवारीच लागला असता. बुधवारी समोरच्यांच्या तलावात, पिरेअसला, चौथा सामना होता. दोन गोलांची आघाडी होती आणि कप्तान मिर्सिनीच्या बोटातून रक्त यायला लागलं. रक्त आलं की पाण्याबाहेर यावंच लागतं. ते थांबेपर्यंत मिर्सिनी काठावर बसून राहिली आणि तेवढ्या वेळात समोरच्यांनी तीन गोल घातले. “कुणाचं तरी नख लागलं,” असं मिर्सिनी म्हणाली. त्या वेळी तिला कोण धरून होतं ते काठावरून दिसण्यासारखं होतं, समोरच्यांची सहा नंबर. दिसलं नसतं तरी कालिरोईने नंबर वाचून सांगितलाच होता. तेव्हापासून पोलिक्सेनी त्या सहा नंबरच्या नावाने बोटं मोडत होती. बेकरीवाल्या स्त्रातोसला तिने सगळं साभिनय सांगितलं. औषधांच्या दुकानात सांगितलं. चर्चच्या पायरीवर पाद्रीबाबांनाही सांगितलं, आणि त्यांनी “असंही असतं का,” म्हणून हळहळ व्यक्त केली. अख्ख्या उपनगरात त्या मुलीचं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ती वाघनखं लावून खेळते हे सर्वांना ठाऊक झालं होतं.

मुली हे सगळं ऐकत होत्या आणि कोणी तिला अडवत नव्हतं.

बारा जणी होऊन गेल्या. शेवटी मिर्सिनी आली. कप्तान नेहमी शेवटी येई. ती बाकासमोर उकिडवी बसली आणि तिने हात पुढे केले. नऊ वर्षांची असल्यापासून हे हात पोलिक्सेनीच्या ओळखीचे होते. तेव्हा बोटं चिकटलेली असत, खिशात सदा गोळ्या.

“बोट कसं आहे?”

“बरं झालं. खपली धरलीय.”

पोलिक्सेनीने अनामिकेवर अंगठा ठेवला. बुधवारपासून तिने ते बोट पाहिलं नव्हतं. मिर्सिनीने दाखवलंच नव्हतं, कधी पट्टी होती, कधी हात खिशात. खपली नखाच्या अगदी कडेला होती, आखूड, किंचित वळलेली. पोलिक्सेनी दहा वर्षं या खेळात ओरबाडून घेत आणि ओरबाडत जगली होती. ओरखडा लांब जातो, मनगटाकडे ओढत जातो. हा ओरखडा नव्हता. तिने दुसऱ्या हातातल्या नेलकटरचं तोंड अंगठ्याने चाचपलं. तेच वळण होतं, तेवढीच लांबी.

मग बुधवारची दुपार तिला आठवली. पिरेअसची ती कोंदट खोली, मिनमिनता दिवा. अनामिकेवर नेलकटर दाबला तेव्हा मिर्सिनीचा हात एकदम आखडला होता.

“काय झालं गं?” तिने विचारलं होतं.

“गुदगुल्या होतात, मावशी,” असं मिर्सिनी म्हणाली होती, आणि पोलिक्सेनीने तिला चापट मारून सरळ बस म्हटलं होतं.

आता तिला नऊ साफ नखांचा अर्थ कळला. तेरा जणींनी घरी आपापली नखं कापली होती आणि एकेक करंगळी तिच्यासाठी ठेवली होती. लहान मुलाला स्वयंपाकात लुडबुड करता यावी म्हणून कणकेचा छोटा गोळा देतात, तशी. पोलिक्सेनीला इतकी लाज वाटली की ऊन असून कान गार पडले. आणि त्या लाजेच्या मागोमाग, तिच्या इच्छेविरुद्ध, या पोरींविषयी तिला भरून आलं.

मिर्सिनीची करंगळी तिच्या चिमटीत होती. या मुलीचं बोट आणखी एकदा कापलं तर आजचाही सामना गेला. तिने नेलकटर बोटापासून चांगला दूर धरला आणि हवेतच दोनदा दाबला. टक, टक.

“झालं?” मिर्सिनीने विचारलं.

“झालं. ऊठ.”

मिर्सिनीने बोटाकडे पाहिलं नाही. हात झग्याच्या खिशात घातला, वाकून पोलिक्सेनीच्या डोक्याची पापी घेतली आणि ती गेली.

सहा वाजायला दहा मिनिटं असताना दोन्ही संघ तलावाच्या काठावर समोरासमोर उभे राहिले. इकडे पांढऱ्या टोप्या, तिकडे निळ्या, मध्ये कुठे कुठे गोलरक्षकांच्या लाल. गच्च भरलेल्या प्रेक्षकांत ढोल वाजत होता. पोलिक्सेनी राखीव खेळाडूंच्या बाकाजवळ टॉवेलांची चळत घेऊन उभी होती. पांढरी विजार घातलेले म्हातारे पंच रांगेवरून चालले होते. मुली हात पालथे धरत, पंच बोटांवरून नजर फिरवत आणि पुढे सरकत.

मिर्सिनीपाशी ते थांबले.

“कप्तान, ही करंगळी?”

त्यांनी तिचा हात उजेडाकडे वळवला.

“हे नख असं चालणार नाही. कापून या.”

“माझी चूक, साहेब,” मिर्सिनी म्हणाली. “विसरले मी.”

पोलिक्सेनीने टॉवेल बाकावर ठेवले. गप्प बसली असती तर काही बिघडलं नसतं. मिर्सिनी आत पळत गेली असती, दोन मिनिटांत परत आली असती, आणि बेकरीत, औषधांच्या दुकानात, पायरीवर जे सांगितलं होतं ते तसंच राहिलं असतं. पण ही पोर दुसऱ्यांदा तिच्यासाठी खोटं बोलली होती, तेही भर रांगेत, आणि आता ते पोलिक्सेनीला सोसवेना.

ती चालत दोन रांगांच्या मध्ये आली.

“ती विसरली नाही,” ती पंचांना म्हणाली. “नखं मी कापते. हिचं मी कापलं नाही.”

“मग कापा बाई. वेळ होतोय.”

मिर्सिनीने ताबडतोब हात पुढे केला. “कर ना, मावशी,” ती हळूच म्हणाली. “काही होत नाही.”

पोलिक्सेनीने एप्रनच्या खिशातून नेलकटर काढला. निळ्या टोप्यांकडे वळून तिने विचारलं, “तुमच्यातली सहा नंबर कोण?”

ढोल चालूच होता. कालिरोईने डोळे मिटून घेतले.

“मी,” समोरची एक उंच मुलगी म्हणाली.

“नजर कशी आहे तुझी?”

“अं? चांगली आहे.”

“मग हिचं नख तू काप. मला दिसत नाही.” पोलिक्सेनीने नेलकटर तिच्या हातात दिला. “खोल जाऊ नकोस. बुधवारी मी गेले होते.”

सहा नंबरने पंचांकडे पाहिलं. पंचांनी खांदे उडवले. नियमात कुठे बसत नव्हतं, आणि नियमाविरुद्धही नव्हतं. मग त्या मुलीने मिर्सिनीची करंगळी धरली, मान खाली घातली आणि शाळेतली मुलं कागदाची चित्रं कापतात तसं, जीभ दातांत धरून, तीन तुकड्यांत ते नख कापलं.

“इतकं पुरे का, बाई?”

पोलिक्सेनीने बोट हातात घेतलं. डोळे मिटले, नाहीतरी त्यांचा उपयोग नव्हता, आणि कडेवरून अंगठा फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. मिर्सिनीचा हात गार होता आणि तो तिने घट्ट धरून ठेवला होता, तिचं तिलाही कळलं नव्हतं इतका वेळ.

“पुरे,” पोलिक्सेनी म्हणाली. “छान कापलंस.”

तिने नेलकटर परत घेतला, पण खिशात टाकला नाही. तो कालिरोईच्या हातात ठेवला. कालिरोईला तो कुठे ठेवावा ते कळेना, पोहण्याच्या कपड्यांना खिसा नसतो, म्हणून ती तो मुठीत धरून उभी राहिली. पंचांनी शिट्टी तोंडाला लावली.

“थांबा जरा,” पोलिक्सेनी म्हणाली आणि पुन्हा वळली. “तुझं नाव काय गं, सहा नंबर?”

“आर्गिरो.”

“आर्गिरो,” पोलिक्सेनीने म्हणून पाहिलं, लक्षात राहावं म्हणून. उद्या सकाळी आधी बेकरीत जावं लागणार होतं, तिथून औषधांच्या दुकानात, आणि मग चर्चच्या पायरीवर.