सालईखालची पेटी

निताचं लग्न झालं त्या सालची ही गोष्ट. निता ही रूपला राठोडाची शेवटची लेक. दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात तिला मेडशीकडे दिली. मांडव उतरला तसा रूपला बायकोला म्हणाला, "ललिता, आता उसाले जानं बंद. गुडघे नाई म्हनतात, अन् आता कोनासाठी जाचं?"

ललिताबाईनं त्याच दिवशी उसाचे दोन्ही कोयते गोणपाटात गुंडाळून आढ्याला खोचून टाकले. एवढं तिला बरं वाटलं होतं.

ऊस सोडायचा तर पोटाला दुसरं काही पाहिजे. ते रूपलाकडे होतं. मानोऱ्याच्या वरच्या अंगाला टेकड्यांचं रान आहे, त्या रानाच्या पायथ्याशी त्यांचा तांडा. वाशिमच्या सायकल चालवणाऱ्या मंडळींनी वनखात्याला विचारून त्या रानात सायकलवाट काढली होती. हातभर रुंदीची, झाडांमधून वळसे घेत टेकडी उतरणारी. चांगला डांबरी रस्ता सोडून ही शिकलेली माणसं दगडधोंड्यातून सायकली काहून हाणतात, हे तांड्याला शेवटपर्यंत कळलं नाही. "घरी बाया बसू देत नसतीन," असं रूपलाचा दोस्त देवला म्हणायचा आणि पारावरची माणसं हसायची.

पण वाट म्हटली की पाऊस ती खाणारच. पाणी काढून द्यायला चऱ्या पाडाव्या लागतात, वळणाला माती चढवावी लागते, वर आलेले दगड उपटावे लागतात. ते काम रूपला आणि देवला मजुरीनं करत. सुटीच्या दिवशी शहरातली मंडळी येऊन त्यांच्याबरोबर घाम गाळत. त्यांचा म्होरक्या पवन सर म्हणून एक मास्तर होता, मनानं सरळ माणूस.

देवला चव्हाण आणि रूपला एकाच वयाचे. एका टोळीत ऊस तोडला, एका ट्रॉलीत बसून गेले आणि आले. एकदा उसात रूपलाच्या नडगीवर कोयता बसला, तेव्हा देवलानं त्याला पाठकुळी घेऊन फडातून सडकेपर्यंत आणलं होतं. सगळ्या वाटेनं शिव्या देत आणलं. ते रूपला कधी विसरला नाही.

हत्यारं रोज टेकडीवर न्यायची आणि रोज खाली आणायची म्हणजे अर्धा जीव त्यातच जायचा. म्हणून आधी ती बोरीच्या जाळीत लपवून ठेवत. एके सकाळी पाहिलं तर कुदळीचे दांडे कुरतडलेले. सायाळ! माणसाच्या घामाचं मीठ मुरलेलं लाकूड तिला फार गोड लागतं. मग झाडावर टांगून ठेवली, तर वानरांनी फावडी खाली फेकली. शेवटी पवन सरांनी मानोऱ्याच्या वेल्डरकडून जाड पत्र्याची पेटी करून घेतली. आतल्या दांड्यांना वाळवी लागू नये म्हणून ती दगडांवर ठेवली, साखळीनं मोठ्या सालईच्या खोडाला बांधली आणि वर पालापाचोळा पसरला. कुलपात पाणी जाऊ नये म्हणून रूपलानं सायकलच्या फाटक्या ट्यूबचा तुकडा त्यावर पडद्यासारखा बसवला. किल्ल्या दोन. एक पवन सरांकडे, एक रूपलाच्या करदोड्याला.

त्या किल्लीचा रूपलाला अभिमान होता. अंघोळ करतानाही सोडत नसे. देवला चिडवायचा, "बँकेचा मॅनेजर झाला लेका तू. कुदयीच्या बँकेचा."

त्या साली पोळ्यानंतर एक सब्बल, म्हणजे पहार, कमी भरली. कामाच्या गडबडीत पेटी दिवसभर उघडी असते, त्यात केव्हा गेली कळलं नाही. पवन सर एवढंच म्हणाले, "काका, बघा जरा. इथेच कुठे राहिली असेल." रूपलानं नाला धुंडाळला, झुडपं झोडपली. देवला त्याच्या बरोबरीनं झोडपत होता.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला लोखंड घरी आणायचं, धुवायचं, पुजायचं, आणि दसरा होईपर्यंत त्याला मातीत घालायचं नाही. रूपलाच्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानंही. सायकलवाटेची हत्यारं दुसऱ्याची असली तरी राबत होती रूपलाच्या हातात, मग त्यांना पूजेविना रानात कसं ठेवायचं? मागच्या दोन सालीही त्यानं ती घरी आणली होती आणि दसरा झाल्यावर परत नेऊन ठेवली होती. तेव्हा शहरातलं कोणी त्या दिवसांत फिरकलं नाही, म्हणून कोणाला कळलंही नाही. आणि हे सांगायची गोष्ट आहे असं रूपलाच्या मनातही आलं नाही. घरी दिवा लावतो हे माणूस कोणाला सांगत बसतो का?

दुपारी दोघं वर गेले. रूपलानं पेटी उघडली. कुदळी, फावडी, दाताळं यांचा भारा बांधून त्यानं खांद्यावर घेतला. देवलानं सालईच्या खोडाआडूनच घमेली घेतली आणि डोक्यावर ठेवली.

"चाल," रूपला म्हणाला.

"तू व्हय पुढं," देवला म्हणाला. "मी इकडून येतो."

"तिकडं काटे हायेत ना बे."

"असू दे. मले जरा बसाचं हाय."

रूपला हसला आणि सरळ वाटेनं खाली उतरला. देवला बोरीच्या काट्यातून, सालईला लांबून वळसा घालून आला. पायाला ओरखडे पडले होते. रूपलाच्या अंगणात घमेली ठेवून तो घाईनं घरी गेला. ललिताबाईनं लोखंड धुतलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची फुलं वाहिली. अंगण सजल्यासारखं दिसत होतं.

दसरा शनिवारी होता. सुटीला सुटी लागून आली म्हणून शहरातली मंडळी त्याच सकाळी काम करायला आली. पवन सरांनी पेटी उघडली तर आत काहीच नव्हतं.

तासाभरात ते तांड्यात खाली आले. सेवालाल महाराजांच्या देवळापुढे तांड्याचा नायक, भागिरथा, चार माणसं घेऊन बसला होता. दसऱ्याचा दिवस, सगळे नव्या कपड्यात. पवन सरांनी रूपलाला बोलावलं आणि मोबाइल पुढे धरला. फोटोत रूपला होता. खांद्यावर भारा, मागे उघडी पेटी.

सब्बल गेल्यावर पवन सरांनी बिबट्यासाठी लावतात तसला कॅमेरा तिथल्या एका धावड्याच्या झाडाला बांधला होता.

रूपला फोटो पाहून खूश झाला. "हा मीच! चांगला आला फोटो. पूजेले आनली ना सर हत्यारं. घरी चाला, सारी अंगनात हायेत."

सगळे अंगणात गेले. हत्यारं होती, फुलांसकट होती.  नीलिमा मॅडम म्हणून एक बाई होत्या, त्या हळूच म्हणाल्या, "काका, एक फोन करायचा होता."

"पूजेले फोन कायचा मॅडम?"

"बरं, ते जाऊ द्या," पवन सर म्हणाले. "पण सब्बल? पेटीतून हत्यारं घरी नेता हे आम्हाला आज कळतंय. मग ती सब्बल कुठे गेली, हे आम्ही कोणाला विचारायचं?"

आता कुठे रूपलाच्या ध्यानात आलं की आपल्याला काय विचारलं जातंय. त्याचे कान तापले. पण तो घाबरला नाही, कारण देवला समोरच उभा होता.

"मायासंग देवला होता," तो म्हणाला. "कालही अन् दरसाली बी. घरी काय आनतो, काय परत नेतो, सारं त्यानं डोयानं पाह्यलं. त्याले इचारा."

सगळे देवलाकडे वळले. देवलानं नव्या टोपीला हात लावून ती सारखी केली.

"मी नव्हतो बा," तो म्हणाला. "मी काल सोयाबीनले होतो."

रूपलाला आधी वाटलं, हा गंमत करून राह्यला. तो हसलाही. मग देवलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू तिथंच राहिलं.

"देवला. घमेले कोनं आनले?"

"मले काय माईत?"

फोटोत तर एकटा रूपलाच होता. पवन सरांनी हात पुढे केला. चिडून नाही, ओशाळून केला. रूपलाला सगळ्यांसमोर सदरा वर करून करदोड्याची गाठ सोडावी लागली. इतक्या दिवसांत गाठ घट्ट झाली होती, सुटेना. शेवटी ललिताबाईनं विळ्यानं दोरा कापला. किल्ली त्याच दिवशी देवलाला मिळाली.

सोनं वाटायला त्या दिवशी रूपला कोणाच्या दारी गेला नाही. खाटेवर बसून राहिला. ललिताबाई म्हणाली, "फोटोत तो काहून नाई? तुमच्या मांगंच तर होता."

तेव्हा रूपलाला बोरीचे काटे आठवले.

दुसऱ्या दिवशी तो देवलाच्या शेतात गेला. देवला कापलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री टाकत होता.

"तुले माईत होतं कॅमेरा कुठं हाय ते."

देवलानं ताडपत्रीवर दगड ठेवला. "बांधला तवा मी तथीच होतो. सरच म्हनले, कोनाले सांगू नको."

"मी कोनातच येतो का देवला?"

देवला ताडपत्रीचं टोक ओढायला लागला.

"अन् सब्बल?"

बराच वेळ देवला दुसरा दगड शोधत राहिला. मग म्हणाला, "संडासाचा खड्डा खंदाले आनली होती. दगड लागला खाली. परत नेतो, नेतो म्हनता बोभाटा झाला. मंग कशी नेऊ?"

"मले सांगतं तर मीच ठेवून आलो असतो."

"आता काय त्याचं."

"मायं नाव गेलं ना बे! चाल, चार लोकांत सांग. सब्बलीचं नको सांगू. मी संग होतो, एवढंच सांग. बाकीचं मी पाह्यतो."

"दिवाई होऊ दे," देवला म्हणाला. "सांगतो."

रूपला परत फिरला. सब्बल देवलाच्या घरी आहे असं तो नायकाला सांगू शकत होता. ललिताबाई तर पदर खोचून निघालीच होती. रूपलानं तिला थांबवलं. त्याला झडती नको होती. त्याला देवलाच्या तोंडून पाहिजे होतं.

त्यानं थांबवलं ते चुकलं. दोन दिवसांनी देवलानं सब्बल खांद्यावर घालून देवळापुढे आणून टाकली. "नाल्यात गवसली," म्हणाला. नाला रूपलाच्या शेताच्या धुऱ्याला लागून जातो. देवला पुढे काही बोलला नाही. पुढचं लोकांनी बोलून घेतलं.

शहरातल्या मंडळींनी देवलाला शाबासकी दिली, रूपलाला परत कामाला बोलावलं नाही.

दिवाळी झाली. देवलानं सांगितलं नाही. मुकादमाची ट्रॉली आली तेव्हा ललिताबाईनं आढ्याचे कोयते काढले, गोणपाट झटकलं. दरसाली देवला ट्रॉलीवर आधी चढायचा आणि रूपलाला वर ओढून घ्यायचा. या खेपेला तो सायकलवाटेच्या कामावर राहिला, आणि रूपलाला चाकावर पाय देऊन एकट्यानं चढावं लागलं. दोनदा पाय घसरला. देवला पारावरून पाहत होता. ट्रॉली हलली तेव्हा तो उठून रानाकडे निघाला, आणि करदोड्याची किल्ली सदऱ्याखाली उंचवट्यासारखी दिसत होती.

त्या हंगामात रूपलानं गुडघ्यांना चिंध्या बांधून ऊस तोडला. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून तो गाडीत चढताना ललिताबाई खालून त्याच्या पायांकडेच पाहत राहायची. फडात तो कोणाशी फार बोलत नव्हता. तांड्यातल्या एका पोरीनं, अंजूनं, सहज विचारलं, "काका, देवला काका नाई का आले?" तेवढ्यानंही तो हातची भाकर ठेवून उठला.

ते चैत्रात परत आले, तेव्हा देवला खाटेला लागला होता. छातीत पाणी झालं होतं. वाशिमला नेऊन आणलं होतं, डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं होतं. रूपला बरेच दिवस गेला नाही. ललिताबाई म्हणाली, "जाऊन या. मरनाऱ्या मानसासंग काय भांडन?"

"भांडाले नाई जात," रूपला म्हणाला. "आयकाले जातो."

अक्षय तृतीयेच्या दिवशी तो गेला. घरात नायक भागिरथा होता, आणखी पाचसहा माणसं होती. उशाशी देवलाची बायको लिलाबाई बसली होती. देवला अर्धा राहिला होता. रूपलाला पाहून त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

रूपला खाटेजवळ खाली बसला. वाकलेला गुडघा दुखला, तरी बसला. मोठ्यानं म्हणाला, "देवला, चार लोक बसले हायेत. बोल."

देवलाचे ओठ हलले. त्यानं नायकाकडे पाहिलं, लिलाबाईकडे पाहिलं, दाराशी उभ्या असलेल्या आपल्या पोराकडे पाहिलं. मग कमरेशी हात नेऊन तो चाचपडायला लागला. लिलाबाईनं करदोडा सोडायला मदत केली. देवलानं ती किल्ली रूपलाच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटवली.

"आता तूच सांभाय," तो म्हणाला. बाकी काही म्हणाला नाही.

 मग भागिरथानं डोळे पुसले. "पाह्य," तो शेजारच्याला म्हणाला, "केवढं मोठं मन हाय मानसाचं. सारं माफ करून किल्ली त्याच्याच हातात देऊन राह्यला."

"देवमानूस," दुसरा म्हणाला.

रूपलानं देवलाकडे पाहिलं. देवलानं हे ऐकलं होतं. त्यानं डोळे मिटून घेतले.

रूपला खाटेच्या पाटीला धरून उठला. किल्ली लिलाबाईच्या ओटीत टाकली. "वैनी, ही सरांले देजा," म्हणाला आणि बाहेर पडला. मागून कोणीतरी म्हणालं, "अजून घमेंड जात नाई."

देवला चव्हाण दुसऱ्या दिवशी, दोन हजार पंचवीसच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला, गुरुवारी सकाळी वारला. रूपला लाकडं घेऊन गेला. खांदा त्यानं दिला नाही.