दत्तूचा दहावा

दत्तू खाली उतरायचा नाही. कितीही समजवा, शिव्या घाला, त्याचं एकच उत्तर: "तुम्ही जा. मी वर थांबतो."

खेळाबद्दल बोलतोय. २००१ साली आम्ही चौघं, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, दर रविवारी दुपारी पंचवटीत राजच्या माडीवर जमायचो. माझ्या अमेरिकेतल्या आतेभावाने एक जाडजूड पुस्तक दिलं होतं. त्यातल्या नियमांप्रमाणे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, ते पात्र होऊन बोलायचं, आणि समोर काय घडतंय ते मी, म्हणजे मास्टरने, सांगायचं. वीस बाजूंचा फासा नाशकात मिळेना, म्हणून हाउजीच्या पिशवीतल्या एक ते वीस सोंगट्यांवर भागवायचो. राज योद्धा होता, मोहिनी जादूगार. कळवणकडच्या खेड्यातून आलेल्या दत्तूने पात्राचं नावही दत्तूच ठेवलं. दुसरं नाव कशाला, म्हणाला.

मी आठवडाभर वहीत भुयारं आखायचो. भुयाराच्या तोंडाशी पोचलो की दत्तू आमचं सामान वाहणाऱ्या खेचरांपाशी बसकण मारायचा. खाली राज एकटा झुंजत मरायला टेकायचा, आणि हा वर खेचरांना चारा घालायचा. "अरे, खेळात काय जातंय तुझं?" मी ओरडायचो. तो मान खाली घालून हसायचा. माझं डोकं लवकर तापतं, ते तेव्हाही तापायचं.

एका रविवारी तो खाली न आल्याने मोहिनीची जादूगार मरणाच्या दारात पोचली, कशीबशी वाचली. मी सोंगटी न काढताच जाहीर करून टाकलं, "भुयाराच्या तोंडावरची दरड कोसळली. दत्तू मेला."

तो पांढरा पडला. "मी तर वर होतो."

"वर राहणारेही मरतात," मी म्हणालो.

तो उठला, चपला घातल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून कॉलेजातही दिसेना. खोलीची मालकीण म्हणाली, गावी गेला. रुसलाय, येईल, असं आम्ही धरून चाललो.

दहाव्या दिवशी राजला चेष्टा सुचली. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या रामकुंडावर क्रियाकर्मं चालवतात, त्याला मंत्र पाठ. "पात्र मेलंय, दहावा नको करायला?" मोहिनी चिडली. "नाव जिवंत माणसाचं आहे," एवढं म्हणून ती घरी गेली. मी मात्र राजबरोबर गेलो. त्याने दत्तूचं नाव घेऊन भाताचा पिंड मांडला. आम्ही दोघं हसत होतो.

रामकुंडावर कावळ्यासाठी माणसं तासन्‌तास ताटकळतात. गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरचे हात जोडून वचनं देत बसतात. आमचा कावळा लगेच शिवला. राज हात मागे घेतो न घेतो तोच खाली आला, चोच मारली आणि घास घेऊन उडाला. राजचं हसू मावळलं. "इतक्या लवकर कधी येत नाही रे," तो पुटपुटला. मी असल्या गोष्टी मानत नाही, आजही नाही. पण दत्तूला दहा दिवसांत आमच्यापैकी कुणीच पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळवणची एसटी धरली. राज यायला धजावला नाही. रस्ताभर मी देवाला एकच म्हणत होतो, त्याला जिवंत दाखव, मग माझं काहीही कर. कळवणहून जीपने त्याच्या गावाच्या फाट्यावर उतरलो आणि टपरीवर चौकशी केली. "सोमाचा दत्तू ना? विहिरीवर हाय," टपरीवाला म्हणाला.

शिवारात नव्या विहिरीचं खोदकाम चाललं होतं. काठावर डिझेलची क्रेन, ती चालवणारा दत्तूचा मामा भिका, आणि दगडांच्या ढिगावर त्याची आई चिमणाबाई. मी दत्तूचा मित्र म्हटल्यावर तिचा चेहरा उजळला.

"ते खेळवाले तुमीच का? लय उपकार झाले बाबा. ह्याचा बाप विहिरीत दबून गेला, दोन वर्सं झाली. तवापास्नं पोरगं आडात डोकवत बी नव्हतं. आन आता बघा, आठ दिस झाले, रोज उतरतंय."

मला तिच्याकडे बघवेना. इतके दिवस आम्ही त्याला भित्रा म्हणत आलो होतो आणि त्याने एकदाही कारण सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात क्रेनच्या बादलीतून दत्तू वर आला, पाणी प्यायला. मातीने माखलेला, धडधाकट. मला रडू कोसळायचंच बाकी होतं. त्याला बाजूला ओढून म्हणालो, "नको उतरूस. मी रागाच्या भरात बोललो. परत चल."

"पण खरंच बोलला तू. वर राहणारा बी मरतो. मंग भ्यायचं कशाला?" तो शांतपणे पाणी प्यायला. "कड जरा सुटलीय. तेवढं चालायचंच."

मी विहिरीत डोकावलो. एका बाजूला मुरमाचा थर फुगून पुढे आला होता. त्याला वरपासून खालपर्यंत चीर गेली होती आणि चिरेतून माती झरत होती. "आजचा दिस निघंल," भिका म्हणाला.

दत्तू माझं ऐकणार नव्हता. आईचं ऐकलं असतं. म्हणून मी दोघांसमोर सगळं सांगून टाकलं, पिंड, राजची चेष्टा, घेतलेलं नाव. चिमणाबाई मला मारेल असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "कावळा शिवला का?"

त्या बाईने नवऱ्याला विहिरीतून काढताना पाहिलं होतं. खरं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"नाही," मी म्हणालो. "बराच वेळ थांबलो. नाही शिवला."

तिने मोठा श्वास सोडला आणि आभाळाकडे हात जोडले. "पिंड लागलाच नाय, मंग काय बी होत नाय माझ्या पोराला. जा रं दत्तू."

तो बादलीत चढला. भिकाने दांडा ओढला. दत्तूचं डोकं काठाखाली दिसेनासं झालं आणि मला अशी धडकी भरली, की तशी पुन्हा कधी भरली नाही.

"शिवला!" मी किंचाळलो. "खोटं बोललो मी! लगेच शिवला, दत्तू! हात मागे घ्यायच्या आत!"

भिकाने दांडा दाबून धरला. बादली अर्ध्यात लोंबकळत राहिली. चिमणाबाई काठाकडे धावली. मग खालून आवाज आला, लहान पोराचा असावा तसा. "मला वर घ्या. मामा, मला वर घ्या."

वर आल्यावर त्याला बादलीतून उतरताही येईना. भिकाने त्याची बोटं दोरावरून सोडवली. आईने त्याला कवटाळलं, तरी त्याचे दात वाजतच होते. तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता.

"खाली बी नाय, वर बी नाय," तो म्हणाला. "आता मी कुठं थांबू रे?"