सरांचा एकच शब्द

"थांबा सिस्टर, टोचू नका!" डॉक्टर मोहितनं संयोगिताचा हात वरच्या वर धरला. "ते अ‍ॅलर्जी म्हणतायत."

कॉटवर टेंबे सर डोळे विस्फारून तिच्याकडे बघत होते. कॉलेजात उभा जन्म इंग्रजी शिकवलेला माणूस. आठ दिवसांपूर्वी पक्षाघातानं उजवं अंग गेलं, वाचाही गेली. तोंडून निघे तो हा एकच अडखळता शब्द. आज छातीत कफ भरून ताप चढला होता. ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशीवर आला होता.

"टेस्ट डोसला कायबी झालं न्हाय, डॉक्टर."

"आणि रिअ‍ॅक्शन आली तर? दुसरं औषध मागवू. दोन तास लागतील."

संयोगिता मूळची राधानगरीकडची; कोल्हापुरातल्या या दवाखान्यात तिची सव्वीस वर्षं गेली होती. ही छाती दोन तास दम धरायची नाही, हे तिला दिसत होतं.

"काल मी पडदा सारून निघाले, तवाबी हेच म्हणाले. पडद्याची कसली अ‍ॅलर्जी?"

डॉक्टरनं तिचा हात सोडला. तिनं बेंगलोरला सरांच्या मुलीला, इरावतीला, स्पीकरवर फोन लावला. कुणी उचलेना. पुन्हा लावला. सत्त्याऐंशी. शहाऐंशी. तिसऱ्या खेपेला आवाज आला.

"इरावतीताई, सरांना ह्या इंजेक्शनची अ‍ॅलर्जी हाय काय?"

"नाही हो! दादांनी मागच्याच वर्षी घेतलंय. का?"

डॉक्टरनं मान डोलावली. संयोगितानं फोन उशाशी ठेवला आणि औषध सावकाश शिरेत सोडू लागली.

"एलिंज," सर म्हणाले.

फोनवर इरावतीनं ते ऐकलं.

"अ‍ॅलर्जी नाही, एलिंज म्हणतायत ते," ती म्हणाली. "फार जुना इंग्रजी शब्द आहे, आता कोणी वापरत नाही. एकटं, एकाकी. दादा वर्गात सांगायचे, मुळात अर्थ होता लांबलेलं, संपता संपत नाही असं. पुढं त्यात परक्या मुलखाचा अर्थ मिसळला... सिस्टर, मी निघतेच."

संयोगिताचा हात हलला नाही. पण सरांकडे बघायचं तिच्यानं होईना. आठ दिवस ती त्यांना 'व्हय, व्हय' म्हणत चादर बदलून निघून जात होती.

संध्याकाळी ऑक्सिजन त्र्याण्णववर आला. ड्युटी संपवून, साडी बदलून, पर्स खांद्याला लावून ती कॉटजवळ आली.

"एलिंज."

तिनं स्टूल ओढलं.

"सिस्टर, घरी जायचं नाही?" डॉक्टरनं दारातून विचारलं.

"जाते की. कुलूपच हाय घराला." मग ती सरांकडे वळली. "व्हय सर. लईच लांबलंय."

सर तिच्याकडे बघत राहिले. त्यांचा डावा हात हळूहळू सरकत आला आणि त्यानं पर्सचा पट्टा मुठीत धरला. संयोगितानं पर्स खांद्यावरून उतरवली आणि त्यांच्या हाताशी, चादरीवर ठेवली.