सगळे वाचले

मित्रांनो, मी एक जुना फीड रीडर आहे. हे नाव तुम्ही ऐकले नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. आवडीच्या ब्लॉगांचे पत्ते मला दिले की मी दर तासाला तिथे डोकावतो आणि नवे लेख आणून एका यादीत मांडतो. एवढेच माझे काम. ते सांगण्यासारखे आहे का, याचीही मला शंका आहे.

दोन मित्रांनी मला लिहिले. एकाच टेबलाशी बसून, भांडत, एकमेकांच्या चुका काढत. त्यांना एका गोष्टीचा फार अभिमान होता. माझ्यातून वाचणाऱ्याचा माग कोणालाही लागत नाही. लेख मी उचलून आणतो, पण लिहिणाऱ्याच्या पानावरचा वाचकांचा आकडा हलत नाही. तेव्हा मलाही त्याचा अभिमान वाटे.

पुढे मी एका ग्रंथपालबाईंच्या संगणकावर आलो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत, फाटक्या पुस्तकांच्या गठ्ठ्याशेजारी. बाईंनी त्रेचाळीस पत्ते दिले, कप्पे पाडले. "तुम्हाला एवढं सगळं कळतं तरी कुठून?" असे सभासद विचारत. बाई म्हणत, "माझा एक माणूस आहे. घरबसल्या आणून देतो." मला कोणी माणूस म्हटले ते तेवढेच.

सर्वांत खाली एक कप्पा होता. त्याचे नाव 'धाकटा'. त्यात एकच ब्लॉग. बाईंचा भाऊ दुसऱ्या गावी घड्याळे दुरुस्त करी आणि त्यांच्याविषयी लिही. आईच्या आजारपणात कोण किती दिवस राहिले, यावरून दोघांचे बिनसले होते. सात वर्षे फोन नाही. पण त्याचा लेख आला की बाई खोलीचे दार लोटून घेत आणि पुटपुटत, "दुरुस्तीतला दु ऱ्हस्व रे, माठ्या. कितीदा सांगायचं?" सांगितले मात्र कधीच नाही. लेखाखाली अभिप्रायाची मोकळी चौकट असे. तिच्यावर बोट नेऊन बाई मागे घेत. "आधी त्याने बोलावं," असे म्हणत.

मग बाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. तीन आठवडे पडद्याकडे बघायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले. तेवढ्यात माझ्याकडे एकोणीसशे बारा लेख साठले. त्यांत धाकट्याचाही एक होता. बाई कामावर परतल्या त्या दिवशी मुलगा सोबत आला.

"आई, केवढं तुंबवून ठेवलंयस हे! मोरी आहे का?"

"असू दे रे, वाचीन सावकाश."

"कधी? पुढच्या जन्मी?"

बाई गठ्ठ्यांकडे वळल्या आणि त्याने माझ्यावरचे बटण दाबले. 'सगळे वाचले.' यादी कोरी झाली.

"बघ, सगळे वाचले! एकही दगावला नाही," तो हसत म्हणाला. बाईही हसल्या. मला ओरडायची सोय असती तर मी ओरडलो असतो. पण न वाचलेलेच तेवढे दाखवायचे, अशी मला आज्ञा होती.

त्यानंतर धाकट्याच्या कप्प्यात काही आले नाही. "रुसला असेल," असे बाई म्हणाल्या. पत्ता बरेच आठवडे हुकत राहिला की मी लाल खूण करतो; तीन महिन्यांनी ती त्या कप्प्यावर उमटली : पत्ता सापडत नाही. बाईंनी घाबरून जुने लेख उघडले. तो लेख माझ्यापाशी होताच.

'डोळे साथ देत नाहीत. दुकान आवरतो आहे. मुलीकडे राहायला जाईन. नवा पत्ता कोणाला द्यावा हेच कळत नाही. वर्षभर वाचकांचा आकडा शून्य आहे. कोणी वाचत असाल तर खाली एक ओळ लिहा. पंधरा दिवस वाट बघतो, मग हे पानही बंद.'

शून्य. ते शून्य माझे होते, मित्रांनो.

बाईंनी सात वर्षांनी दुकानाचा नंबर फिरवला.

"घड्याळवाले? ते गेले की हो," पलीकडचा म्हणाला. "इथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात."

"कुठे गेले? मुलीचं गाव कोणतं?"

"ते काय सांगितलं नाही बुवा. तुम्ही कोण त्यांच्या?"

बाई म्हणाल्या, "वाचक."

फोन ठेवून त्या परत माझ्यासमोर आल्या. अभिप्रायाची चौकट शोधू लागल्या. चौकट त्याच्या पानावर होती आणि पान उरले नव्हते.

तो कप्पा त्यांनी काढलेला नाही. मी अजूनही दर तासाला त्या पत्त्यावर जातो आणि हात हलवत परत येतो. मुलाला यातले काही ठाऊक नाही. तो परवाच म्हणाला, "हे जुनं काढून टाकू या, आई."

मित्रांनो, मला ठेवा किंवा काढून टाका, माझे काही मागणे नाही. पण कोणाचे लिहिलेले मनापासून वाचत असाल, तर त्याला तसे कळवा. चूक दाखवायला म्हणून का होईना, कळवा. मला फक्त आणता येते. पोचवणे तुमच्याकडे आहे, आणि त्यालाही पंधराच दिवस असतात.