शांतपणे गेला

"हलू नकोस रे, एवढी एकच राहिली," असं म्हणत कंपाउंडरने म्हाताऱ्या कुत्र्याच्या, भुऱ्याच्या, कानाच्या घडीतून चिमट्याने गोचीड उपटली. रक्त पिऊन ती वाटाण्याएवढी फुगली होती. शेजारच्या कपात मिठाचं पाणी होतं आणि तिच्या वीस-पंचवीस बहिणी त्यात आधीच बुडालेल्या होत्या.

"तो माझा चहाचा कप आहे," मास्तर खुर्चीतून म्हणाला.

"होता."

वकील हसला. ठेकेदाराने निखाऱ्यांवरचे मांसाचे तुकडे उलटे केले. चरबी चरचरत खाली ठिबकली आणि धुराचा लोट तिन्ही तंबूंवरून नदीकडे गेला. झाडांनी पानं टाकायला सुरुवात केली होती, गवत पिवळं पडलं होतं, भर दुपारीही अंगावर स्वेटर बरा वाटत होता.

चौघंही शाळेपासूनचे दोस्त, आता पन्नाशी ओलांडलेले. दर वर्षी पानगळीच्या दिवसांत मास्तर, वकील आणि ठेकेदार हे तिघं तंबू आणि कुत्री घेऊन बाहेर पडत. कंपाउंडरला पहिली दोन वर्षं बोलावलं होतं, मग नऊ वर्षं कुणाला त्याची आठवण झाली नाही. यंदा मात्र ठेकेदाराने स्वतः फोन केला. "तुझ्याशिवाय मजा नाही, डॉक्टर."

डॉक्टर हे दोस्तांनी चेष्टेत ठेवलेलं नाव. जनावरांच्या दवाखान्यात सत्तावीस वर्षं तो कंपाउंडर होता. जखमेतले किडे वेचायचे, सडलेली नखं कापायची, सुई टोचली जाताना जनावर छातीशी घट्ट धरून ठेवायचं. डॉक्टर ज्याला हात लावत नाहीत ते सगळं त्याच्या वाट्याला. फोन ठेवता ठेवता ठेकेदार सहज म्हणाला होता, "आणि हो, तुझी ती औषधांची पेटी आण. कुत्री बरोबर असणार, कुणाला लागलं-खुपलं तर."

कंपाउंडरला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट त्याने नवे बूट घेतले. घरात तो आणि त्याची थोरली बहीण असे दोघंच. ताईने त्याचा स्वेटर धुऊन वाळवला आणि म्हणाली, "जा, चार दिवस हसून-खेळून ये. रोजची मेली घाण उपसतोस."

चार कुठले, दोनच दिवस होते. आणि आल्यापासून तो घाणच उपसत होता. मास्तरच्या पांढऱ्या ठेंगण्या कुत्रीने गाडीत ओकारी केली ती त्यानेच पुसली. ठेकेदाराचा नवा कुत्रा उंच आणि चकचकीत होता, तो मागच्या सीटवर ऐसपैस बसून आला. त्याचाच जुना भुऱ्या मात्र डिकीत, सामानाच्या सांदीत. चौदा वर्षांचा, डोळ्यांत मोतीबिंदू, अंगाला कुबट वास.

"किती महिने आंघोळ नाही याला?" कंपाउंडरने विचारलं.

"बायको घरात घेत नाही रे," ठेकेदार म्हणाला. "नव्या घरात सगळीकडे पांढरी फरशी. हा जिथे बसेल तिथे गळतो."

जेवण झाल्यावर ठेकेदाराने कंपाउंडरच्या खांद्यावर हात टाकला. "चल, नदीपर्यंत पाय मोकळे करून येऊ." ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. आधी हवा, मग तब्येत, मग दूर शिकायला गेलेल्या मुलीचं कौतुक. नदी आली तेव्हा कुठे भांडं बाहेर निघालं.

"भुऱ्याचे हाल बघवत नाहीत मला."

"कसले हाल? गोचिडी काढल्या. दात ठीक आहेत, हृदय ठीक आहे. सांधे धरलेत, त्याच्या गोळ्या मिळतात."

"तसं नव्हे." ठेकेदाराने पाण्यात खडा टाकला. "तुझ्या पेटीत ते असेल ना? झोपवायचं?"

"ते डॉक्टरांच्या कुलपात असतं. आणि ते डॉक्टरच देतात. मी फक्त धरतो."

"दोन डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणे कुत्रा आजारी नाही, नुसता म्हातारा आहे." ठेकेदाराचा आवाज खाली आला. "माझ्या झोपेच्या गोळ्या आणल्यात मी. किती घालायच्या मांसात, तेवढं सांग. इथे किती छान आहे बघ. झाडं, पाणी. त्याला यापेक्षा चांगली जागा कुठली मिळणार?"

"मला जमणार नाही."

"अरे, तुला सवय आहे. आम्हाला कसं जमेल?"

कंपाउंडर वळला आणि तंबूंकडे चालू लागला. मास्तर बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत होता. वकील लांब कुठेतरी बघत होता. त्या दोघांच्या तोंडांकडे पाहिल्यावर विचारायचं काही उरलंच नव्हतं, तरी त्याने विचारलं. "तुम्हाला माहीत होतं?"

मास्तरने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. वकील म्हणाला, "बघ, मालकाचा निर्णय असतो हा. आपण मध्ये न पडलेलं बरं."

"मला तर मध्ये पाडायलाच आणलंत."

थोड्या वेळाने ठेकेदार आला, निखाऱ्यांवरचा सगळ्यांत मऊ तुकडा त्याने बोटांनी तोडला आणि भुऱ्याला भरवला. तुपट हात त्याच्याच पाठीला पुसला. मग खरोखर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. कंपाउंडरने आयुष्यात खूप पू पाहिला होता, पोटं फुगलेली जनावरं उचलली होती, पण त्या पाण्याइतकं घाण त्याला काहीच वाटलं नव्हतं. आणखी वाईट म्हणजे संध्याकाळी भूक लागल्यावर तो त्यांच्याच पातेल्यातलं जेवला. वकिलाने शाळेतल्या हेडमास्तरांची नक्कल केली तेव्हा हसलासुद्धा. हसू ओठांवर आलं तसं त्याला स्वतःच्या तोंडाची किळस आली.

सकाळी तो उठला तेव्हा ठेकेदाराचा चहा उकळत होता. एरवी नऊशिवाय न उठणारा माणूस शीळ घालत होता. त्याचे बूट घोट्यापर्यंत चिखलाने भरले होते आणि भुऱ्याचा पट्टा गाडीच्या आरशाला लटकत होता.

"भुऱ्या कुठाय?"

"गेला असेल इकडेतिकडे. येईल."

"पट्ट्याशिवाय?"

"डॉक्टर, चहा घे," ठेकेदार म्हणाला.

कंपाउंडरने चहा घेतला नाही. दवात पावलांचे ठसे स्पष्ट उमटले होते. जाताना माणसाचे आणि कुत्र्याचे, परत येताना फक्त माणसाचे. ते नदीवरच्या फळ्यांच्या पुलावरून पलीकडे गेले, मग टेकडीच्या अंगाने, मग एका बंद पडलेल्या दगडखाणीपाशी. त्याला तिथे पोचायला पाऊण तास लागला.

भुऱ्या खाणीच्या तोंडाशी बसला होता. झोपला नव्हता, बसला होता. पुढचे पाय ताठ, मान वाटेकडे. शेजारी कागदावर कालचं मांस होतं. त्याने त्याला तोंड लावलं नव्हतं. मुंग्या लागल्या होत्या.

"चल," कंपाउंडर म्हणाला. भुऱ्याने शेपटी एकदा जमिनीवर आपटली, पण उठला नाही. कंपाउंडरने मानेखाली हात घालून ओढलं तेव्हा त्याने अंग जड केलं. पुढचे पाय लटलटत होते. कंपाउंडरला उमगलं. त्याला 'बस' म्हणून सांगितलं होतं. ज्याने सांगितलं तो येऊन 'ऊठ' म्हणेपर्यंत तो बसणार होता. रात्रीपर्यंत, उद्यापर्यंत, पाय चालेनासे होईपर्यंत.

दवाखान्यात कित्येक जनावरं उचलली होती तसं त्याने भुऱ्याला खांद्यांवर घेतलं. तीस किलोचं धूड. पुलापर्यंत येईतो त्याच्या पाठीवरून काहीतरी गरम ओघळलं आणि थेट नव्या बुटात उतरलं. "होऊ दे," तो म्हणाला, "माझी फरशी नाही."

तो परतला तेव्हा दोस्तांपैकी कुणी तिथे नव्हतं. तंबू गेले होते, गाडी गेली होती. त्याची पिशवी आणि पेटी झाडाखाली नीट मांडून ठेवली होती, इतकी नीट की ते पाहूनच त्याला शिसारी आली. भोवती हाडं, तेलकट कागद, अर्धवट जळलेला पाव. ज्या शेतात तंबू ठोकले होते त्याची मालकीण, साठीची बाई, हातात पोतं घेऊन ते सगळं गोळा करत होती.

"ते म्हणाले, तुमची गाडी वेगळी आहे," ती म्हणाली. मग तिने कुत्र्याकडे पाहिलं, कंपाउंडरच्या ओल्या पाठीकडे पाहिलं. "दुधाची गाडी जाईल तासाभराने. मागे बसाल का?"

"बसतो."

त्याने पिशवी खाली ठेवली आणि तिच्याबरोबर हाडं वेचू लागला.

घरी ताईने दार उघडलं. तिचं घर म्हणजे आरशासारखं. पायपुसण्यावरसुद्धा पाय जपून ठेवावा लागे. भुऱ्या त्या पायपुसण्यावर उभा राहिला आणि त्याने तिथेच ओलं केलं. ताईने भावाच्या तोंडाकडे पाहिलं, काही न विचारता आत गेली आणि बादली घेऊन आली.

अंगणात त्याला आंघोळ घालत असतानाच फोन वाजायला लागला. शाळेच्या ग्रुपवर ठेकेदाराने भुऱ्याचा नदीकाठचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं: 'चौदा वर्षांची साथ सुटली. आमचा भुऱ्या आज निसर्गाच्या कुशीत शांतपणे गेला. शेवटच्या क्षणी आपले डॉक्टर त्याच्याजवळ होते. त्यांचे उपकार विसरणार नाही.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. मास्तरचे हात सगळ्यांत आधी. 'मोठं काम केलंस, डॉक्टर.'

ताईने ओले हात पदराला पुसून ते दोनदा वाचलं. "हा मुलगा लहानपणी आपल्या घरी जेवायचा," ती म्हणाली. "माझ्या हातचं." आणि तिने जोर लावून भुऱ्याची पाठ घासायला घेतली.

कंपाउंडर काही लिहिणार नव्हता. आयुष्यभर तो असंच करत आला होता. लोक बोलत, तो धरून ठेवी. पण दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या मुलीचा वेगळा निरोप आला. 'काका, त्याला दुखलं नाही ना? बाबांनी मला आधी सांगितलंसुद्धा नाही. तो माझ्या पायाशी झोपायचा.'

तो फोन घेऊन बराच वेळ पायरीवर बसला. पोरीला खरं सांगावं तर तिच्या मनातला बाप मोडतो. न सांगावं तर ती जिवंत कुत्र्यासाठी रडत राहते आणि मारणारे हात आपले ठरतात. त्याची ती सत्तावीस वर्षं, इतकी जनावरं, आणि एकालाही त्याने स्वतः होऊन कधी दुखवलं नव्हतं. शेवटी त्याने ताईची जुनी शाल पांघरून बसलेल्या भुऱ्याचा फोटो काढला आणि पाठवला. खाली लिहिलं, 'जिवंत आहे. आत्ताच जेवला.' मग शाळेच्या ग्रुपमधून बाहेर पडला.

मुलगी तीन आठवड्यांनी आली. परीक्षा संपल्या संपल्या, बॅग खांद्यावरच. "बाबांनी सोडलं," ती म्हणाली. "मीच आणायला लावलं त्यांना. आत या म्हटलं तर गाडीतच बसलेत, कोपऱ्यावर."

"बसू दे," ताई म्हणाली.

भुऱ्याने तिला वासाने ओळखलं. गळ्यातून एक बारीक आवाज काढला आणि तिच्या मांडीत तोंड खुपसलं. ती अंगणात मातीतच बसली, त्याचे कान कुरवाळत राहिली. "कसा स्वच्छ झालाय," ती दोनदा म्हणाली. तिने बापाबद्दल काही विचारलं नाही आणि कंपाउंडरनेही काही सांगितलं नाही. वसतिगृहात कुत्रा ठेवता येत नाही, एवढं ती खाली मान घालून म्हणाली.

"इथे आहे तो," कंपाउंडर म्हणाला. "तू येत जा."

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. एकदाच, छोटा, कंटाळलेल्या माणसाचा.

भुऱ्याचे कान उभे राहिले. तीन आठवड्यांत फाटकापलीकडे न गेलेला तो कुत्रा मुलीच्या मांडीतून उठला, धडपडत फाटकाच्या फटीतून बाहेर पडला आणि जमेल तेवढ्या वेगाने कोपऱ्याकडे निघाला. मागचा एक पाय घासत होता, पण शेपटी वर होती. गाडीपाशी जाऊन तो ड्रायव्हरच्या दाराशी उभा राहिला आणि वर पाहू लागला.

काच बंद होती. आत ठेकेदार फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याने मान वळवली नाही. भुऱ्याची शेपटी दारावर आपटत होती, थप्प, थप्प, जरा थांबून पुन्हा थप्प. मुलगी फाटकात उभी राहून ते पाहत होती.

कंपाउंडर रस्त्यावर गेला. काचेवर टकटक करावी असं त्याच्या मनात आलं, पण त्याने केली नाही. तो वाकला, एक हात छातीखाली आणि एक पोटाखाली घालून त्याने भुऱ्याला उचललं. वळून घराकडे चालू लागला तरी भुऱ्याची मान त्याच्या खांद्यावरून मागे, गाडीकडेच होती, आणि शेपटी अजून हलत होती.